देवापुढची दुरडी

भिवराबाईंनी दुरडी धर्मराजच्या पोटाला टेकवली आणि तिथंच धरून ठेवली.

“टाका यात.”

“काकू, साहेबाचा फोन यायचा हाय. पंचायत समितीचं काम हाय, आज न्हाई उचलला तर गेलं.”

“साहेबाला म्हणावं, मिस्सा सुटल्यावर लाव. मोठा साहेब आत बसलाय, त्याला ताटकळत ठेवू व्हय?”

धर्मराजनं मागं पाहिलं. चपला काढून उभी असलेली दहा-बारा माणसं गालातल्या गालात हसत होती. मागच्या रविवारी त्यातल्या दोघांची याच दुरडीपुढं डाळ शिजली नव्हती, त्यामुळं त्यांना जरा जास्तच मजा येत होती. धर्मराजनं निमूटपणे खिशातून मोबाईल काढला, आवाज बंद केला आणि बाकीच्या मोबाईलांशेजारी अंडं ठेवावं तसा अलगद ठेवला.

तेलगावच्या पुढं, उसातून जाणाऱ्या रस्त्यालगत हे पत्र्याचं चर्च होतं. वस्तीत ख्रिस्ती घरं पस्तीसेक. त्यातल्या निम्म्या घरांतली माणसं दिवाळी झाली की कोयते घेऊन ऊसतोडीला कारखान्याच्या वाटेला लागत आणि चर्चमधली सतरंजी मागून अर्धी उघडी पडे. राहिलेली माणसं रविवारी मिस्साला, म्हणजे सामुदायिक उपासनेला येत, मांडी घालून बसत, पुरुष डावीकडं, बाया उजवीकडं. मोबाईल दारात ठेवायचा हा नियम फादर रेमंड यांच्या सहीनं फळ्यावर लागला होता. फादर वसईकडचे, वयानं तरुण, शिस्तीचे भोक्ते. पण नियमामागं हात कुणाचा, हे सगळ्या वस्तीला ठाऊक होतं. सही फादरांची, बोलणं भिवराबाईंचं.

त्याला कारण घडलं होतं ऑक्टोबरात. टोळ्या निघण्याआधीच्या रविवारी इथं कोयत्यांची मिस्सा होते. प्रत्येक जण आपला कोयता धुऊन पुसून वेदीच्या पायरीवर ठेवतो, फादर त्यावर पवित्र पाणी शिंपडतात आणि सोमवारी गाड्या निघतात. यंदा फादर पाणी शिंपडत असताना, शेजारच्याचा श्वास ऐकू यावा अशा शांततेत, पुरुषांच्या बाजूला हलगी कडाडली. वरातीत वाजते तशी, अंगात आल्यासारखी. आदिनाथचा मोबाईल वाजत होता. आदिनाथ म्हणजे भिवराबाईंचा एकुलता एक मुलगा, चौतीस वर्षांचा, दोन लेकरांचा बाप. त्यानं गडबडीत कुठलंतरी बटण दाबलं आणि हलगी आणखी मोठी झाली.

भिवराबाई बायांतून उठल्या, मधली वाट ओलांडून पलीकडं गेल्या आणि मुलाच्या खिशात हात घालून मोबाईल काढून घेतला. शाळेतल्या पोराच्या खिशातून चिंचा काढाव्यात, तसा. “लाज वाटती का रं?” असंही म्हणाल्या, आणि ते काही हळू म्हणाल्या नाहीत. सगळ्या टोळीनं ऐकलं.

सोमवारी पहाटे गाडी निघताना त्यांनी मोबाईल त्याच्यापुढं धरला. त्यानं घेतला नाही.

“ठेव तुझ्या देवापाशी,” आदिनाथ म्हणाला आणि गाडीत चढला. बायको, लेकरं पाया पडली. तो पडला नाही.

त्याला आता दहा आठवडे झाले होते. सून मनिषा अधूनमधून कुणाच्या तरी फोनवरून शेजारी निरोप द्यायची, आम्ही बरे आहोत. आदिनाथ बोलायला येत नसे. आणि भिवराबाई? ज्या मोबाईलला त्या सगळ्या वस्तीदेखत सैतानाचं खेळणं म्हणत, तो मोबाईल त्या रोज रात्री चार्जिंगला लावत, महिना भरला की दुकानावर जाऊन रिचार्ज मारून आणत. हिरवं गोल वर ढकललं की बोलता येतं आणि मग कर्ण्याचं चित्र दाबलं की आवाज मोठा होतो, एवढं त्या शिकल्या होत्या. फोन यायचे, पण सगळे परक्यांचे. एक बाई तर रोज दुपारी हिंदीत कर्ज पाहिजे का म्हणून विचारायची. भिवराबाई तिला आधी विचारायच्या, जेवलीस का बाई. ती मशीन आहे, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि सांगून त्यांनी ऐकलंही नसतं.

शनिवारी संध्याकाळी धोंडीराम दारात उभा राहिला. तो त्याच टोळीतला. दाढ सुजली म्हणून चार दिवसांसाठी गावाकडं आला होता.

“भिवरामावशी, आदिनाथ उद्या फोन लावणार हाय. दहाला.”

“कुनाला?”

“तुला. त्याच्याच नंबरावर. तू चालू ठिवलाय आसं मला घरून कळलं व्हतं, निगताना म्या सांगितलं त्याला.”

“सवताहून म्हनला, का तू म्हनायला लावलं?”

“सवताहून.” धोंडीरामानं गाल दाबून धरला. “बाजाराला जातेत तवा धा-पंधरा मिंटं रेंज घावती. म्हनला, एकडाव लावतो. उचलला तर उचलला, न्हाई तर माय अजून रागात हाय आसं समजंन. सोमवारी टोळी पुढं सरकती, तितं रेंजचा पत्ताच न्हाई. पट्टा पडंस्तोवर तसंच.”

पट्टा पडणार, म्हणजे कारखाना बंद होणार, तो मार्च सरता सरता. आता कुठं जानेवारी चालू होता.

“दहाला मिस्सा आसती रं,” भिवराबाई म्हणाल्या.

“आठला न्हवती का?”

होती. पण थंडी वाढल्यावर फादरांनी ती साडेनऊला नेली होती. दुसऱ्या गावची मिस्सा उरकून ते मोटारसायकलवर इथं यायचे. आदिनाथला ते कळायचं कारण नव्हतं.

रात्रभर भिवराबाई कूस बदलत राहिल्या. मिस्सा चुकवावी? चाळीस वर्षांत बाळंतपणाचे रविवार सोडले तर एकही चुकला नव्हता. फादरांना सांगून मोबाईल जवळ ठेवावा? मग धर्मराजनं उद्या वस्तीभर दवंडीच पिटली असती, की लोकां सांगे ब्रह्मज्ञान. त्याचंही एक वेळ सोसलं असतं. पण ज्या गुन्ह्यासाठी पोराच्या तोंडाला सगळ्यांदेखत काळं फासलं, तोच गुन्हा आपण पदराआड करायचा, हे त्यांच्या मनाला पटेना. आणि फोन चुकवायचा, हे तर मुळीच पटेना. मुलगा एक पाऊल मागं आला होता. त्याच्या तोंडावर दार लागलं असतं तर मार्चमध्ये कुठलं तोंड घेऊन तो परत येणार होता, आणि आला तरी बोलणार होता का?

तर आता, रविवारी सकाळी, धर्मराज दारातच घुटमळत होता.

“काकू, आन् तुमचा? का तुमाला न्हाई नियम?”

भिवराबाईंनी पिशवीतून आदिनाथचा मोबाईल काढला आणि सगळ्यांना दिसेल असा दुरडीत सगळ्यात वर ठेवला.

“नियम म्हंजी नियम,” त्या म्हणाल्या. धर्मराजचा चेहरा पडला.

चर्चची झाडलोट बघणाऱ्या सिदूनं मोबाईलची दुरडी उचलून ओसरीतल्या टेबलावर नेली. तिथं आणखी एक दुरडी होती, दानाची. मिस्साला येताना लोक घरातून मूठभर बाजरी, तूर, कापसाचं बोंड, दोन लिंबं, जे असेल ते आणून तिच्यात टाकत, आणि अर्पणाच्या वेळी भिवराबाई ती वेदीपर्यंत नेत. हे काम त्यांचं, लग्न होऊन आल्यापासूनचं. दोन्ही दुरड्या एकाच बुरुडाच्या हातच्या, एकाच मापाच्या. फरक फक्त वरच्या कापडाचा. दानावर भिवराबाईंनी स्वतः भरलेलं लाल क्रुसाचं पांढरं कापड, मोबाईलवर सिदूचा चौकड्यांचा पंचा.

सगळे आत गेले. सिदू घंटेपाशी गेला. भिवराबाई क्षणभर ओसरीत रेंगाळल्या, दुरड्यांवरची कापडं सारखी केली, कडा आत खोचल्या आणि पदर डोक्यावर घेऊन आत येऊन बसल्या. थंडी म्हणून सिदूनं दार लोटून घेतलं.

पेटी वाजली, गाणं झालं, वाचनं झाली. फादर प्रवचनाला उभे राहिले तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात पावणेदहा वाजले होते. फादरांचं प्रवचन म्हणजे पंधरा मिनिटं. भिवराबाईंनी मनातल्या मनात हिशेब केला आणि मांडी मोडून उकिडव्या बसल्या.

त्या दिवशी नेमकी फादरांना वसईची आठवण झाली. लहानपणी आजोबांबरोबर होडीत बसून ते कुठंतरी निघाले होते. पावणेदहाला निघालेली होडी दहाला पाच कमी असताना भर समुद्रात होती. दहा वाजता वारा सुटला. समुद्र कधी न पाहिलेली माणसं तोंड उघडं टाकून ऐकत होती आणि भिवराबाईंना त्या होडीला खालून भोक पाडावंसं वाटत होतं.

“का गं, मुंग्या चावतेत का?” शेजारी बसलेल्या तुळजाबाईंनी कुजबुजत विचारलं.

“गप बस.”

“सारखी घड्याळाकडं काहून बघती?”

भिवराबाई मोठ्यानं खोकल्या. एकदा, मग दुसऱ्यांदा. तिसऱ्या खोकल्याला फादरांनी त्यांच्याकडं पाहिलं आणि, देवाची करणी, होडी किनाऱ्याला लागली. दहा वाजून तीन मिनिटं. मग श्रद्धेचा अंगीकार, मग प्रार्थना. पावसासाठी, आजाऱ्यांसाठी, कारखान्यावर गेलेल्यांसाठी. त्या शेवटच्या प्रार्थनेला भिवराबाईंचे ओठ सगळ्यांच्या आधी हलले. घड्याळाचा काटा दहावर आठ मिनिटं गेला.

पेटीवर अर्पणाचं गाणं सुरू झालं. भिवराबाई अशा उठल्या, की गुडघेदुखीचं औषध घेणाऱ्या तुळजाबाई बघतच राहिल्या. दोघी ओसरीत गेल्या. तुळजाबाईंनी द्राक्षारसाची आणि पाण्याची बाटली घेतली, भिवराबाईंनी लाल क्रुसाच्या कापडाची दुरडी उचलून छातीशी धरली, आणि दोघी मधल्या वाटेनं वेदीकडं निघाल्या. एरवी भिवराबाई गाण्याच्या चालीवर सावकाश पाऊल टाकत. आज तुळजाबाईंना जवळजवळ पळावं लागलं.

फादर पायरीशी आले. दान हातात घेतलं की ते कापड बाजूला सारून त्यावर हात ठेवत, तशी त्यांची रीत होती. दुरडी हातात येताच त्यांच्या कपाळाला आठी पडली. बाजरी एवढी जड नसते. त्यांनी कापड सारलं.

आत तीस-बत्तीस मोबाईल होते.

पुढच्या रांगेतल्यांना ते आधी दिसलं. कुणीतरी फिस्सकन हसलं. मग मागचे माना उंच करू लागले, आणि पेटीवाल्याचं बोट सुरावर तसंच राहिलं.

“अगं माझे बाई, तू फोनच वाहिले देवाला!” तुळजाबाई म्हणाल्या.

“भिवराबाई,” फादर हळूच म्हणाले, “दुरडी चुकली तुमची. सिदू, ही घेऊन जा आणि—”

हलगी कडाडली.

वेदीपुढं, फादरांच्या हातात, अंगात आल्यासारखी. पत्र्याखाली ती अशी घुमली, की लेकरं दचकून उभी राहिली. दहा आठवड्यांपूर्वीची ती हलगी कुणीच विसरलं नव्हतं. धर्मराजनं स्वतःच्या रिकाम्या खिशावर हात दाबला, तोही उगीचच.

फादरांनी मोबाईल उचलला. पडद्यावरचं लाल गोल त्यांच्या अंगठ्याखाली होतं.

“कुणाचा आहे हा?”

“आदिनाथचा,” भिवराबाई म्हणाल्या. त्या मागं सरल्या नव्हत्या, हात जोडून तिथंच पायरीशी उभ्या होत्या. “आन् लावतोय बी आदिनाथच. परत न्हाई लावायचा तो, फादर. पट्टा पडंस्तोवर न्हाई.”

फादरांनी हातातल्या मोबाईलकडं पाहिलं, मग त्यांच्याकडं. हलगी वाजतच होती. कोयत्यांच्या मिस्साला तेही इथंच उभे होते. त्यांनी अंगठा बाजूला घेतला आणि मोबाईल भिवराबाईंच्या हातात दिला. लाल गोलाशेजारचं हिरवं गोल अजून लुकलुकत होतं. भिवराबाईंनी ते वर ढकललं, आणि ऐकू नीट येत नाही म्हणून मोठ्या आवाजाचं बटणही दाबलं. वेदीवरचा माईक वीतभर अंतरावर होता, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. फादरांच्या आलं. त्यांनी माईकला हात लावला नाही.

“माय?” अख्ख्या चर्चमध्ये आदिनाथचा आवाज आला.

“बोल.”

“रागात हायस का अजून?”

“न्हाई रं लेकरा.”

“मंग इतका वाजूस्तवर काहून उचलला न्हाई? म्या ठिवनारच व्हतो.”

“माणसात हाय म्या. सोपं हाय व्हय लगीच उचलायला.”

“कुठं हायस?”

भिवराबाईंनी वेदीकडं पाहिलं, मेणबत्त्यांकडं पाहिलं, फादरांकडं पाहिलं.

“तूच म्हनला न्हवता का, ठेव तुझ्या देवापाशी? तितंच ठिवलाय. तितूनच बोलती.”

पलीकडं बाजाराचा कालवा तेवढा ऐकू येत राहिला. कुणीतरी कांद्याचा भाव ओरडत होतं.

“माय… मिस्सा चालू हाय?”

“व्हय.”

“आन् तू फोन उचलला? तू?”

आणि तो हसायला लागला. खदाखदा, लहानपणी हसायचा तसा, श्वास लागेपर्यंत. ते हसू माईकमधून पत्र्याला लागलं आणि खाली माणसांवर सांडलं. आधी बायांत खसखस पिकली, मग पुरुषांत, मग फादरांनी तोंडावर हात धरला. भिवराबाई रडत होत्या आणि हसतही होत्या, पदर कशासाठी लावायचा तेच त्यांना कळत नव्हतं.

“माय, आयक,” आदिनाथ म्हणाला. हसू ओसरलं होतं. “निगताना पाया पडायचं राह्यलं व्हतं. आता पडतो.”

भिवराबाईंनी डाव्या हातातला मोबाईल समोर धरला आणि उजवा हात त्याच्यावर ठेवला. डोक्यावर ठेवतात तसा, पाचही बोटं पसरून. बराच वेळ ठेवला.

“सुखी ऱ्हा,” त्या म्हणाल्या. “कोयता जपून मार. लेकरांना पाटाच्या पाण्यात जाऊ देऊ नकू.”

“आदिनाथ, जय येशू!” मागून धर्मराज ओरडला, आणि त्याच्या पाठोपाठ सगळे ओरडले. पलीकडून “जय येशू, जय येशू” असं काहीतरी आलं, मनिषाचा आवाज आला, लेकरांचा आला, आणि मध्येच रेंज गेली.

फादरांनी मोबाईलची दुरडी पायरीवर ठेवली, ऑक्टोबरात कोयते होते तिथंच. मग घसा साफ केला.

“सिदू, आता धान्य आण.”

मिस्सा पुढं चालू झाली आणि त्या दिवशीच्या शेवटच्या गाण्याला कधी नव्हे इतके आवाज लागले.

बाहेर उन्हात सगळे आपापला मोबाईल घ्यायला दुरडीभोवती जमले. देवाला वाहिलेलं परत नेऊ नये, असं कुणीतरी धर्मराजला सांगून घाबरवत होतं. सिदूला मात्र काळजी लागली होती. दुरड्या टेबलावर त्यानं ठेवल्या होत्या. बोल त्यालाच लागणार.

“म्या बरूबर ठिवल्या व्हत्या, फादर. पंचा मोबाईलवरच टाकला व्हता, आईशप्पत.”

“सिदूला कुनी काय म्हनू नका,” भिवराबाई म्हणाल्या. “चूक माझी हाय. चाळीस वर्सांची सवय. हात आपला तिकडंच जातो.”

“वय झालं आता,” तुळजाबाईंनी दुजोरा दिला. “मला बी घरात चष्मा घावत न्हाई.”

लोक पांगले. फादर ओसरीत आले तेव्हा भिवराबाई एकट्याच दुरड्या झटकत होत्या. फादरांनी टेबलावरचं पांढरं कापड उचललं, लाल क्रूस वर येईल अशी त्याची घडी घातली आणि त्यांच्यापुढं धरली.

“भिवराबाई, पुढच्या रविवारी हे धान्यावर घाला.”

भिवराबाईंनी घडी घेतली. क्रुसाच्या टाक्यांवरून अंगठा फिरवला. वर पाहिलं नाही.

“व्हय, फादर.”

“आणि शनिवारी संध्याकाळी मी पापनिवेदनाला बसतो. चार ते सहा.”

“ठाव हाय की. येते म्या.” त्यांनी घडी पिशवीत, मोबाईलच्या शेजारी ठेवली आणि पायरी उतरल्या. दोन पावलं गेल्यावर थांबल्या. “फादर, येक इचारू का? पाप सांगायचं तर आधी मनातून पस्तावा व्हावा लागतो न्हवं?”

“हो. त्याशिवाय क्षमा नाही.”

भिवराबाईंनी थोडा विचार केला. खरोखरच केला, चेहऱ्यावर दिसत होता.

“मंग बाकीची समदी सांगते,” त्या म्हणाल्या. “ह्ये येक ऱ्हाऊ द्या.”